घरासकट पाहुणे

'या ना एकदा घरी' हे वाक्य मराठी माणूस ज्या सढळ हाताने वाटतो, तसं तो दुसरं काहीही वाटत नाही. अमेरिकेतल्या मराठी माणसाला तर ते वाटणं आणखी सोपं जातं, कारण ऐकणारा दीड हजार मैलांवर राहत असतो. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. तिथे जेवणाच्या रांगेत जुने मित्र भेटतात, केसांची चौकशी होते, गुडघ्यांची होते, आणि श्रीखंडापाशी पोचेपर्यंत दोन्ही बाजूंनी निमंत्रणं देऊन-घेऊन झालेली असतात. कोणी कुठे जाणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. या पक्क्या समजुतीवर आमच्या पिढीच्या कितीतरी मैत्र्या सुखाने टिकल्या. मग त्या मित्रांतला एखादा निवृत्त होतो आणि आरव्ही घेतो.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. तिच्या पुष्कळ जाती आहेत. आमची आहे तिला इथे क्लास सी म्हणतात. ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेली पंचवीस फुटी खोली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पोटमाळा, आत गॅसची शेगडी, फ्रीज, पलंग, मोरीएवढं बाथरूम, आणि पोटाखाली दोन टाक्या, ज्यांच्याविषयी पुढे बोलावं लागणारच आहे. गॅलनला आठ-दहा मैल जाते आणि पेट्रोलची टाकी ५५ गॅलनची. पंपावर आकडे फिरत असताना मी आकाशाकडे बघत उभा राहतो. घेताना डोळ्यांपुढे येलोस्टोन होतं. ६२ वर्षं पूर्ण केलेल्या नागरिकाला ८० डॉलरमध्ये नॅशनल पार्कांचा तहहयात पास मिळतो. तो आम्ही गाडीच्याही आधी घेऊन ठेवला, कारण 'तहहयात' आणि '८० डॉलर' एका वाक्यात आले की मराठी माणूस पुढचं वाचत नाही. पण पार्काकडे जायचा रस्ता नातेवाइकांच्या दारावरून जातो. आमच्या गाडीने आजवर जेवढे ड्राइव्हवे पाहिले, तेवढे डोंगर पाहिलेले नाहीत.

अमेरिकेतल्या नातेवाइकांचा भूगोल वेगळा असतो. त्यात सगळं 'वाटेवर' असतं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून डेन्व्हरला जायचं, तर नाकासमोर आयोवा, मग नेब्रास्का, असं नकाशा सांगतो. मिनियापोलिसची आतेबहीण सांगते, "म्हणजे आम्ही वाटेवरच की!" तिचं घर त्या वाटेपासून अडीचशे मैल उत्तरेला. पूर्वी विमानाने जाताना 'तिकीटच थेट होतं गं' म्हणून सुटता यायचं. आता थेट तिकीट नाही, रजा संपत आली नाही, हॉटेल मिळालं नाही असंही नाही. न जाण्याला कारणच उरलेलं नाही. कोलंबसला थांबलात आणि सिनसिनाटीला नाही, हे कोलंबसकरांनी टाकलेल्या फोटोतून सिनसिनाटीला पंधरा मिनिटांत कळतं, आणि पुढच्या अधिवेशनात श्रीखंडाच्या रांगेत आपल्याला पाठ दिसते.

शिवाय 'जाताय तर एवढं न्या'. विमानाने जाणाऱ्याला तेवीस किलोंची ढाल असते. पंचवीस फूट लांबीच्या गाडीवाल्याने कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? आम्ही शिकागोची हार्मोनियम डेन्व्हरला पोचवली आहे. एका भाचीच्या लग्नातली पाच तांब्याची घागरवजा भांडी कॅन्सस ओलांडून नेली, आणि ती खडखडत होती म्हणून बायकोने त्यांत सगळ्यांचे मोजे भरले. चकल्यांचा डबा हे मात्र जोखमीचं सामान. नेपरव्हिलच्या वहिनींच्या चकल्या डेन्व्हरच्या पुतणीला द्यायच्या, तिने 'छान आहेत, पण मोहन जरा जास्त झालंय' म्हणायचं, आणि परतीच्या वाटेवर वहिनींनी 'काय म्हणाली?' असं विचारायचं. टपाल खात्यात हे शेवटचं काम नसतं.

गाडी एकदा यजमानांच्या दारात लागली की पहिला खटका झोपण्यावरून उडतो. ड्राइव्हवेवर असा फुकट तळ ठोकण्याची अमेरिकन आरव्हीवाल्यांत जुनी रीत आहे आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. यजमान किल्ली दाखवतो, प्लग दाखवतो आणि 'गुड नाइट' म्हणून दार लावून घेतो. आपल्याकडे हे कसं चालेल? पाच बेडरूमचं घर, दोन्ही मुलं दोन किनाऱ्यांना, वरच्या खोलीत नव्या चादरी घातलेल्या, उशाशी तांब्या-भांडं.

"काय हो भावोजी, घर असताना गाडीत झोपणार?"

"वहिनी, आम्हाला तिथली सवय झालीय. तुम्हाला उगीच त्रास."

"आमचं काही चुकलं का?"

या शेवटच्या प्रश्नाला आजवर कुठल्याही मराठी पाहुण्याला उत्तर सापडलेलं नाही. मग तह होतो. पहिली रात्र घरात, दुसरी गाडीत. त्यामुळे पहिल्या रात्री आमचं घर दारात रिकामं उभं असतं आणि आम्ही वरच्या मजल्यावर परक्या उश्यांवर कूस बदलत खिडकीतून त्याच्याकडे बघत असतो. दुसऱ्या रात्री गाडीत झोपायला मिळतं, पण 'बाथरूम मात्र आमचंच वापरायचं' अशी अट असते. ती अट पाळायला बायको मध्यरात्री गाऊनवर स्वेटर चढवून, हातात टॉर्च घेऊन दाराशी गेली. दाराच्या घंटीत कॅमेरा असतो हे तिच्या लक्षात नव्हतं. सकाळी पोह्यांआधी ती चित्रफीत कुटुंबाच्या ग्रुपवर आली होती आणि डोंबिवलीहून 'कोण गं ही बाई?' अशी विचारणाही झाली होती.

ड्राइव्हवे दिसायला सपाट असतो. पावसाचं पाणी रस्त्याकडे जावं म्हणून तो उतरता बांधलेला असतो, हे गाडी उभी केल्यावर कळतं. आमच्या गाडीतला फ्रीज गॅसवर चालणारा आहे आणि गाडी तिरकी असली की तो थंड करणं सोडून देतो. माणसांचं म्हणाल तर डोक्याकडून पायांकडे उतार असेल तर निभतं, उलटा असेल तर रात्रभर रक्त कपाळात येऊन बसतं. पण उताराचा खरा पुरावा तव्यावर मिळतो. बायकोने यजमानांना आमच्याकडे नाश्त्याला बोलावलं (घराशेजारी घर, मग परतफेडीचं बोलावणं करायलाच हवं) आणि घावन घातले. पीठ तव्यावर पडलं की सावकाश नैर्ऋत्येकडे निघायचं. प्रत्येक घावन एका अंगाला जाळीदार आणि दुसऱ्या अंगाला उत्तपा. यजमान दादांनी तो गोल फिरवून नीट पाहिला आणि म्हणाले, "चार टक्के उतार आहे."

यावर उपाय म्हणजे खालच्या अंगाच्या चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे घालायचे. कॉलेजातल्या एका मित्राकडे आमचे ठोकळे कमी पडले. या मित्राला हॉस्टेलपासून सगळे जाड्या म्हणतात. आता तो बायपासनंतर काटकुळा झालाय, पण नाव बदलायची सोय नाही. जाड्या गॅरेजमध्ये गेला आणि 'पेरीज केमिकल इंजिनिअर्स हँडबुक' घेऊन आला. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांना सांगतो, त्याची जाडी विटेपेक्षा जास्त असते. "घाल चाकाखाली. निदान एकदा तरी उपयोग होऊ दे," तो म्हणाला. माझी बायको खाली उतरून मधे उभी राहिली. "सरस्वतीवर चाक घालणार?" जाड्याने पुस्तक कपाळाला लावून परत नेलं. त्या रात्री आम्ही उलट्या डोक्याने झोपलो.

आता वीज. आमच्या गाडीला ३० अँपिअरची जोडणी लागते आणि गॅरेजच्या भिंतीतला साधा प्लग १५चा असतो. अडॅप्टर लावून भागतं, पण छतावरचा एसी एकटाच बारा-तेरा अँपिअर खातो. म्हणजे एसी चालू असताना बाकी कोणी काही चालू करायचं नाही. अमेरिकन गॅरेजमध्ये हे जमतं, कारण तिथे फक्त गाड्या आणि न वापरलेली व्यायामाची यंत्रं असतात. मराठी गॅरेजमध्ये एक उभा फ्रीझर असतो आणि दाराशी विजेची शेगडी असते, कारण मासे घरात तळले तर कार्पेटमधून वास आठवडाभर हलत नाही.

व्हर्जिनियात मावसभावाकडे वहिनींनी आमच्यासाठी सुरमई काढली होती. गॅरेजचं दार अर्धं वर, तव्यात तेल तापलेलं, तिखट-हळद लावून रव्यात घोळवलेल्या तुकड्या ताटलीत ओळीने मांडलेल्या. पहिली तुकडी पडली, चर्र झालं, आणि गाडीतला एसी गप्प झाला. तव्याचा आवाजही हळूहळू मंदावत गेला. मग खांद्याला खांदा लावून आम्ही दोघे निवृत्त इंजिनिअर ब्रेकरच्या पेटीपुढे उभे राहिलो. आतल्या चिठ्ठीवर घर बांधणाऱ्याने पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं होतं आणि प्रत्येक शब्द 'बेड'सारखा दिसत होता. सगळी बटणं वरखाली केल्यावर शेगडी पेटली, सुरमई झाली आणि उत्तम झाली. फ्रीझर भिंतीतल्या दुसऱ्या एका बटणावर आहे आणि ते पडलेलंच आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रीझरखालून पाणी आलं. आत वहिनींच्या आईने पुण्याहून येऊन, गणपतीपर्यंत पुरतील म्हणून करून ठेवलेले उकडीचे मोदक होते. अन्न टाकायचं नाही. सबब, मे महिन्यात, उरलेल्या सुरमईच्या मागोमाग, सात माणसांनी मोदक खाल्ले. बाप्पा समजूतदार आहे. वहिनींच्या आईला अजून कोणी सांगितलेलं नाही.

टाक्यांचं आता टाळता येत नाही. भांडी घासलेलं आणि अंघोळीचं पाणी जातं ती करडी टाकी. उरलेलं सगळं जातं ती काळी. त्या भरल्या की डंप स्टेशन नावाच्या ठिकाणी नेऊन पाइप लावून रिकाम्या करायच्या असतात, दुसरीकडे कुठेही नाही. काळी टाकी किती भरली हे दाखवणारे दिवे आत असतात. ते खरं बोलत नाहीत. आत कागदाचा एक कपटा चिकटला की रिकामी टाकीसुद्धा 'दोन तृतीयांश' म्हणून सांगते. हे प्रत्येक आरव्हीवाल्याला माहीत असतं आणि तरी प्रत्येक जण रोज सकाळी ते बटण दाबून बघतो.

शेजारी घाबरतात ते याच टाकीला, आणि त्याला कारण एक सिनेमा आहे. १९८९ सालचा 'नॅशनल लॅम्पून्स ख्रिसमस व्हेकेशन' इथे अजूनही दर डिसेंबरला घरोघरी लागतो. त्यात कझिन एडी नावाचा नातेवाईक न कळवता खटारा आरव्ही घेऊन दारात येतो आणि एके सकाळी बाथरोबवर उभा राहून टाकी रस्त्याकडेच्या गटारात रिकामी करतो. रँडी क्वेडने ते काम इतकं मन लावून केलंय, की आज कुठल्याही ड्राइव्हवेवर आरव्ही दिसली की अमेरिकन शेजाऱ्याला एडीच आठवतो. समोरचे गृहस्थ गवताला पाणी घालता घालता माझ्या हातातल्या पाइपकडे टक लावून बघत राहतात. माझा पाइप पांढरा असतो, पिण्याच्या पाण्याचा. पण हे रस्त्याच्या पलीकडून ओरडून कसं सांगणार? मग होमओनर्स असोसिएशनचं पत्र येतं. पुष्कळ वसाहतींत आरव्ही दारात एक-दोन दिवसांवर उभी करू देत नाहीत. पुण्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी चुकवून अमेरिकेत आलेल्या माणसाला तोच सेक्रेटरी इथे टोपी बदलून भेटतो.

खरं तर त्या पत्राची गरज नसते. तिसऱ्या दिवशी राहणाऱ्याची अक्कल काढणारी म्हण आपल्याकडे आहेच, फक्त ती तोंडावर म्हणता येत नाही. इथल्या यजमानांनी सभ्य पर्याय शोधला आहे. दुसऱ्या रात्री जेवताना दादा ताकाचा घोट घेऊन सहज म्हणतात, "उद्या कचऱ्याची गाडी यायची." गॅरेजमधले कचऱ्याचे मोठे डबे बाहेर काढायचे तर मधे आमची गाडी. आम्ही सकाळी सातला निघतो.

निघतो म्हणजे निघू देतात असं नाही. फ्रीजमध्ये भर पडते. दह्याच्या रिकाम्या डब्यांतून आमटी, आइस्क्रीमच्या डब्यातून मसालेभात, आणि आइस्क्रीम समजून तो उघडणाऱ्या नातवाचा दर वेळचा हिरमोड.

रस्त्यावरच्या अडचणी मित्रांना पटत नाहीत. व्हर्जिनियाहून एडिसनला निघालो की तिथला मित्र फोनवर सांगतो, "बाल्टिमोरच्या टनेलने सरळ ये." आमच्या गाडीत स्वयंपाकाचा गॅस असतो आणि तो घेऊन बाल्टिमोरच्या दोन्ही टनेलांत जायला बंदी आहे. पूर्वी आरव्हीवाले तिथल्या 'की ब्रिज' नावाच्या पुलावरून जायचे. २६ मार्च २०२४ला एक मालवाहू जहाज आदळून तो पूलच पडला, तेव्हापासून शहराला पश्चिमेकडून वळसा. हे मी समजावून सांगतो आणि मित्र म्हणतो, "गॅस कशाला घेऊन येतोस? आमच्याकडे आहे ना!"

नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहणाऱ्या मित्राने मात्र आम्हाला एक स्थळ आवर्जून दाखवलं. डरहॅमचा रेल्वेपूल. रस्त्यापासून त्याची उंची ११ फूट ८ इंच होती आणि त्याखाली इतक्या ट्रकांची टपरं सोलून निघाली की २००८पासून एका स्थानिकाने कॅमेरा लावून ती सगळी टिपून ठेवली. २०१९ साली पूल उचलून १२ फूट ४ इंचांवर नेला. ट्रक तरीही आदळतात. आम्ही मित्राच्या छोट्या गाडीतून गेलो आणि पलीकडच्या फुटपाथवर कॉफी घेऊन अर्धा तास उभे राहिलो. कोणी आदळलं नाही. मित्र ओशाळला, म्हणाला, "शनिवारी यायला हवं होतं."

नेपरव्हिलच्या आत्याबाईंनी गाडीला दिलेलं प्रमाणपत्र मी जपून ठेवलंय. नव्वदीच्या आहेत, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. घर दाखवणं हा इथल्या मराठी पाहुणचाराचा न चुकणारा विधी, तळघरातल्या सिनेमागृहापासून माळ्यापर्यंत. मग मीही त्यांना म्हटलं, आता आमचं बघा. दोघांनी धरून त्यांना पायरी चढवली. सोफ्यावर बसल्या, शेगडी बघितली, पोटमाळा बघितला. जन्म वरळीच्या बीडीडी चाळीत गेलेला. तिथली खोली १६० चौरस फुटांची आणि त्यांच्या खोलीत माणसं नऊ. मी सांगितलं, ही गाडी दोनशे भरते. "आणि संडास आत?" "आत." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "अरे, मग ते एवढं मोठं कशाला बांधलंस?" दादांनी विषय बदलला, पण तोवर वहिनी हसल्या होत्या.

जाड्याच्या घरीही सिनेमागृह आहे. तिथे आम्ही पाच मिनिटं बसलो आणि दोघांनाही बोलायला काही सुचेना. खुर्च्या सगळ्या पडद्याकडे तोंड करून. रात्री जेवणानंतर तो गाडीत आला. टेबल एवढंसं, गुडघ्याला गुडघा लागतो. आयोवातल्या एम्सला आम्ही चौघं दोन खोल्यांत राहायचो, तिथलं टेबलही एवढंच होतं. त्या टेबलावर तो तीन जणांची डाळ एकटा संपवायचा, त्या वेळी नाव शोभत होतं. भाताच्या पाळीवरून झालेली भांडणं निघाली, मग कोणाचं कोणावर प्रेम होतं ते निघालं, आणि बाराच्या सुमाराला तो म्हणाला, "मी आज इथेच झोपू?" उत्तराची वाट न बघता घरात गेला आणि काखेत उशी व हातात श्वासाचं यंत्र घेऊन परत आला. झोपेत घोरणं थांबवायचं ते यंत्र. लावण्याआधी त्याने ते उलटं करून मागची पट्टी चष्मा चढवून वाचली. "तीन अँपिअर. एसी बंद कर." माझी बायको आपली शाल उचलून वरच्या पाहुण्यांच्या खोलीत निघून गेली आणि जाताना घंटीच्या कॅमेऱ्याकडे बघून तिने हात हलवला.

सकाळी जाड्याच्या बायकोने चहा गाडीत आणून दिला. स्वतःच्या नवऱ्याला, स्वतःच्या दारात, पाहुणा म्हणून. तिचं म्हणणं, इतकी शांत झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती, आम्ही दर वर्षी यावं.

तर आरव्हीवाले पाहुणे येणार असतील तर 'जेवायला काय करू' हे विचारू नका. जे असेल ते आम्ही खातो, वर डब्यातूनही नेतो. एवढंच कळवा: ड्राइव्हवेला उतार किती, फ्रीझर कुठल्या बटणावर, कचऱ्याची गाडी कोणत्या वारी, आणि दारातल्या झाडाची सगळ्यात खालची फांदी किती उंचीवर. फांदी टेपने मोजा, अंदाजाने सांगू नका. छतावरच्या एसीसकट आमची गाडी साडेअकरा फूट आहे.